दमानं

मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात
बावीस वर्षं मी मिरचीचा हिशेब लिहिला.
ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी.
कुठल्या पोत्याला किती पंप लागतात
ते वहीत नव्हतं, छातीत होतं.
निळा पंप खिशात, तपकिरी उशाशी.
निळ्याच्या पाठीला एक इवलीशी खिडकी,
तिच्यात आकडा.
दर दाबाला एकानं उतरतो.

मार्चात सगळं बंद झालं
आणि आठवड्याभरात मला श्वास यायला लागला.
बिबवेवाडीच्या गच्चीवरून सिंहगडाचा टॉवर दिसला.
सातारा रस्त्यावर भर दुपारी टिटवी ओरडली.
बायको म्हणाली, तुम्हाला मानवलं की हे.
मी इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर?
गाव धापा टाकतंय
आणि माझ्या छातीतली शिट्टी थांबलीय,
असलं सुख कुणाला सांगायचं.

ते जूनपर्यंतच टिकलं.
मागच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत
कमरेएवढं झालं, कापायला माणूस नाही.
रात्री एकला खोकला उठला.
आम्ही त्याच्यावर उशी दाबली, चादर घातली,
न्हाणीतला नळ मोठा सोडला.
तरी तो भिंतीपलीकडं गेलाच.
सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर:
बी विंग, दुसरा मजला, संबंधितांनी चाचणी करून घ्यावी.
नाव नव्हतं. खाली अंगठे होते, सतरा.
पहिला समोरच्या केळसकरांचा.

चाचणी केली. निगेटिव्हचा कागद लिफ्टमध्ये चिकटवला,
शेजारी डॉक्टरांची जुनी चिठ्ठी,
दमा आहे, पसरत नाही.
दुसऱ्या दिवशी दोन्हींवर कुणी सॅनिटायझर मारलेला.
शाई पसरली होती.

जुलैत ओसवाल मेडिकलसमोर चुन्याचे गोल.
मी माझ्या गोलात.
निळा नाही, म्हणाला, लोकांनी घेऊन ठेवलेत,
ज्यांना दमा नाही त्यांनीसुद्धा.
चौकात पोलीस दम देत होते.
माझा दम माझ्याच चष्म्यावर बसला होता.
खिडकीत एकतीस.

सप्टेंबर, पहाटे तीन, बेल.
दाराच्या भिंगात केळसकर.
मास्क हनुवटीला, खांदे कानाला लागलेले.
ते खांदे मी आरशात पाहिलेत.
अँब्युलन्स... निघालीय म्हणतात...
तुम्हाला... माहीत असेल... कसं घ्यायचा...

मी दार उघडलं नाही.
इथं पेन अडतं, तरी लिहितो: उघडलं नाही.
कडीवर हात होता. खिडकीत नऊ होते.
मागं बायको, हो नाही की नको नाही.
दाराला तोंड लावून मी म्हणालो,
खाली बसा, पायरीवर. कोपरं गुडघ्यांवर.
आत ओढायची घाई नको, आधी बाहेर सोडा.
बशीतल्या चहावर घालतो तशी फुंकर.
चहा सांडू नये, नुसती साय हलावी.
दमानं.
परत.
दमानं.

दाराच्या त्या अंगाला ते फुंकत होते,
या अंगाला मी.
चाळीस मिनिटं दोघं मिळून
एकच चहा निववत होतो.
मग जिन्यात प्लास्टिकच्या कपड्यांची सळसळ.

एकोणीस दिवसांनी ते परत आले,
सदरा खांद्यावरून ओघळलेला.
त्या दाराबद्दल ते बोलले नाहीत.
अंगठ्याबद्दल मी.

पुढच्या रविवारी प्लॉटवर दोन माणसं विळे घेऊन आली.
कुणी लावली, ग्रुपवर कुणी सांगितलं नाही.
केळसकर गॅलरीत उभे, हातवारे करून
कोपऱ्यातलं राहिलेलं दाखवत होते.
गाजरगवत उभं असताना जेवढं छळतं
त्याच्या दुप्पट कापताना.
त्यांना काय माहीत.
संध्याकाळपर्यंत माझी शिट्टी गच्चीवर ऐकू गेली असेल.

त्या रात्री पोटभर खोकलो.
नळ सोडला नाही.